इर्माची खिडकी

कबुतरांच्या शर्यती उन्हाळ्यात उडतात, पण जिंकायच्या असतात हिवाळ्यात, असं ओडील येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. खरंच होतं ते. फक्त हिवाळ्यातलं सगळं काम त्याची बायको इर्मा करायची, एवढं सांगायचं तो विसरायचा. मी मात्र विसरू द्यायची नाही. बिअरचा पेला त्याच्यापुढे आपटून विचारायची, "हो का? आणि हिवाळ्यात तुझ्या ढाबळीतली घाण कोण खरवडतं रे? तू?"

"ती खरवडते, मी विचार करतो," ओडील म्हणायचा, आणि सगळा कॅफे हसायचा.

कबुतरवाल्यांचं मंडळ माझ्याच कॅफेत भरतं. उन्हाळ्यात पाखरांच्या टोपल्या माझ्याच दारातून ट्रकवर चढतात, पाखरू घरी परतल्याची वेळ नोंदणारी शर्यतीची घड्याळं माझ्याच टेबलावर उघडतात आणि भांडणंही माझ्याच डोक्यावर बसून होतात. त्यामुळे कोणाच्या ढाबळीत काय शिजतंय हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. पण इर्माच्या बाबतीत तसं नव्हतं. ती आणि मी एका बाकावर शिकलेल्या. तिच्या घरातलं मला तीच सांगायची, नाहीतर कोणीच नाही.

ओडील आयुष्यभर नदीकाठच्या तागाच्या गिरणीत राबला. छाती तिथल्या धुळीनं भरलेली, पण जिना चढून ढाबळीत गेला की खोकला कुठल्या कुठे पळायचा. माणूस वाईट नव्हता. हाताचा मात्र कडक. ऑक्टोबरात पाखरांची पिसं झडून नवी आली की तो एकेक कबुतर हातात घेऊन छातीचं हाड चाचपायचा. हातात भरलं तर ठेवायचं, नाही भरलं तर मान मुरगाळून वाटाण्यांबरोबर पातेल्यात. "ढाबळ म्हणजे अनाथाश्रम नव्हे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्यामागे इर्मा. ती नर एकीकडे, माद्या दुसरीकडे करायची, दाणे कमी करून जव वाढवायची, फळ्या कोरड्या ठेवायची, गोठलेलं पाणी फोडून ऊनऊन भरायची. आणि बोलायची त्यांच्याशी. ओडीलशी बोलायची त्याच्या दुप्पट. पोरबाळ झालं नाही त्यांना. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही.

एका वर्षी उशिराच्या विणीतलं एक पिल्लू आईबापांनी टाकून दिलं. ओडील म्हणाला, "सोड गं, नाही जगायचं ते." इर्मानं ते ॲप्रनमध्ये गुंडाळून खाली आणलं, चुलीजवळ टोपलीत ठेवलं आणि वाटाणे स्वतः चावून त्याच्या चोचीत भरवले. नवऱ्यानं आदळआपट केली, हिनं लक्ष दिलं नाही. पिल्लू स्वयंपाकघरातच वाढलं. उडायला लागलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आत यायचं असलं की कठड्यावर बसून काचेच्या खालच्या कोपऱ्यातली, काच पक्की बसवायला भरतात ती लांबी टोचत बसायचं, इर्मा खिडकी उघडेपर्यंत. रंगानं निळं आणि इतकं लहानखुरं की तिनं नावच ठेवलं चिमणी. पुढे ढाबळीत राहायला गेली तरी चिमणीची ती खोड गेली नाही. दर वर्षी ओडील शिव्या घालत त्या कोपऱ्यात नवी लांबी भरायचा.

आणि मग ती चिमणी उडायला लागली, बाई! जवळच्या शर्यतीत शेवटून तिसरी. पण जसजसं अंतर वाढलं तसतशी मोठमोठ्यांच्या नरांना मागे टाकत गेली. ओडीलनं लगेच सूर बदलला. "आमची चिमणी," म्हणायला लागला. मी म्हटलं, "आमची? पातेलं तर तू तयार ठेवलं होतंस."

"अगं आलिडा, नवरा-बायकोत तुझं-माझं काय?" म्हणाला लबाड.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतेय त्या उन्हाळ्यात त्यानं चिमणीला बार्सेलोनाच्या शर्यतीला पाठवायचं ठरवलं, म्हणजे ट्रकनं तिथवर न्यायचं, सोडायचं, आणि पाखरानं अख्खं फ्रान्स ओलांडून घरी यायचं. इर्मा नको म्हणाली. आताच एक लांबची शर्यत उडून आलीय, डोळ्यात अजून तेज नाही, पुढच्या वर्षी पाठव. ओडील म्हणाला, अंड्यांवर बसलेली मादी आहे, अशी मादी घरासाठी जीव तोडते, हीच वेळ. टोपलीत भरायला तो चिमणीला माझ्याकडे घेऊन आला तेव्हा इर्मा बरोबर आली नाही. तेवढं एकदाच.

चिमणी परतली नाही.

पहिले दोन दिवस सगळेच आशेवर असतात. मग नाही म्हटलं तरी बाकीच्या पाखरांची कामं असतात, पुढची शर्यत असते. ओडीलनं महिनाभरात तिचं नाव घेणं सोडलं. इर्मा मात्र अंगणातल्या बाकावर बसून वाटाणे सोलायची, बटाटे सोलायची, मोजे रफू करायची, आणि मान वर. मी एकदा रागावले. "अगं, ससाण्यानं नेलं असेल. नाहीतर तारेवर आपटली असेल. किती दिवस बसणार आहेस?"

"येईल ती," इर्मा म्हणाली. "उशिरा येईल, पण येईल. फक्त आल्यावर दार उघडं पाहिजे."

आता दाराचं सांगते. ढाबळीला आत यायची जी झडप असते ती आमच्याकडे नोव्हेंबर लागताच, सर्व संतांच्या सणाला, फळी ठोकून बंद करतात. हिवाळ्यात पाखरं बाहेर सोडायची नाहीत, ससाणे भुकेले असतात. आणि त्या वर्षी तर ससाण्यापेक्षा वाईट गोष्ट आली होती. मानमोडी. पाखराची मान पिळवटून उलटी व्हायची, दाणा टिपायला जावं तर चोच भलतीकडेच पडायची, आणि ढाबळच्या ढाबळ जायची. लस वगैरे अजून आमच्यापर्यंत पोचली नव्हती. डॉक्टर एवढंच सांगायचे, भटक्या कबुतराला आत घेऊ नका, अंगणातसुद्धा उतरू देऊ नका. आमच्या मंडळाचा नेस्टर, सगळ्यांची टिंगल करणारा, त्याच्या ढाबळीत ती शिरली. त्यानं सगळी पाखरं मारून परसात जाळली. दुसऱ्या दिवशी कॅफेत आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. त्याला काही बोलायची माझीसुद्धा छाती झाली नाही.

ओडीलनं फळी ठोकायला घेतली, इर्मानं हातोडी काढून घेतली. "झडप उघडी राहू दे."

"वेड लागलंय तुला? तिकडे नेस्टरचं वाटोळं झालंय."

"राहू दे म्हटलं ना."

राहिली थोडे दिवस. नोव्हेंबरात पहिलं दव गोठलं त्या सकाळी इर्मा पाण्याची बादली घेऊन जिन्याकडे निघाली आणि अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गाडी आली, माणसांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी तिची चप्पल हातात घेऊन उभी होते. दुखण्यानं तोंड पांढरं पडलेलं, पण बोलली काय, तर, "ओडील, झडप."

"हो गं हो," ओडील म्हणाला.

आणि संध्याकाळी फळी ठोकली. मी दोष देत नाही. तीसेक पाखरं होती आत, सगळा जन्म त्यांच्यात घातलेला. त्याच्या जागी मी असते तर मीही ठोकली असती.

इर्मा इस्पितळात पडून होती, ओडील हिवाळ्याची सगळी कामं पहिल्यांदाच एकटा करत होता. नर कुठले, माद्या कुठल्या, जव किती, पाणी किती, सगळा गोंधळ. माझ्याकडे येऊन सूप ओरपायचा आणि कुरकुर करायचा. "एवढं काय करायची गं ती दिवसभर, मला कळतच नव्हतं."

"आता कळलं ना?" मी म्हणायची.

नाताळच्या आधीची गोष्ट. ओडील आला, कोट झटकला आणि बारपाशी उभा राहून म्हणाला, "आज एक भटकं हाकललं. काळं कुळकुळीत, शेपटीची अर्धी पिसं गायब. मी बाहेर आलो तरी उडेना. उलट माझ्याच दिशेनं यायला लागलं. म्हटलं, आली मानमोडी आमच्याकडे."

कारण रोगट पाखरू माणसाला भीत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

"मग?" नेस्टरनं कोपऱ्यातून विचारलं.

"कोळशाच्या बादलीचं झाकण बडवलं. गेलं."

"बरं केलंस," नेस्टर म्हणाला. "माझ्याकडेही असंच एक आलं होतं. मला दया आली. मूठभर दाणे टाकले." त्यानं पेला दूर सारला. मग म्हणाला, "झाकण बडवायला हवं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी ओडील म्हणाला, तेच परत आलं होतं, निर्लज्ज, परत हाकललं. मी त्याला गरम वाइनचा पेला दिला, माझ्या खर्चानं. ते पाखरू बसलं होतं कुठे, हे कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. ढाबळीच्या दाराशी नक्कीच नसणार, असं आम्ही धरून चाललो. आपलं पाखरू असतं तर दाराशी गेलं असतं.

जानेवारीत माझ्याकडे हिवाळी प्रदर्शन असतं. पिंजरे मांडतात, पंच एकेक कबुतर हातात घेऊन पंख उलगडून बघतो, बाकीचे बिअर पितात आणि पंचाला नावं ठेवतात. त्या वर्षी हे चालू असतानाच फिर्मिन आला. तो कबुतरवाला नव्हे, गाईवाला. ओडीलच्या घरामागचं शेत ओलांडलं की त्याचा गोठा. त्यानं तंबाखूची डबी काढली, डबीतून कबुतराच्या पायात असते ती आकडा कोरलेली कडी काढली आणि बारवर ठेवली.

"तुमच्यापैकी कोणाचं आहे बघा. माझ्या गोठ्यात सापडलं. गाईच्या पाठीवर चढून बसायचं बिचारं, उबेला. बायको म्हणाली, राहू दे. परवाच्या थंडीत सकाळी खाली पडलेलं दिसलं. काजळीनं की तेलानं, कशानं तरी काळं झालेलं. पुसलं तर आतून निळं निघालं."

मी कडी उचलून आकडा वाचायला चष्मा शोधत होते. ओडीलला चष्मा लागला नाही. त्यानं हात पुढे केला, कडी घेतली, अंगठ्यानं फिरवली आणि खिशात टाकली. पंच त्याचं नाव पुकारत होता, त्याचा नर दुसरा आला होता. तो तसाच बाहेर गेला, पिंजरा माझ्याकडेच राहिला.

सगळे पांगल्यावर पिंजरा न्यायला आला. मी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होते. म्हणाला, "आलिडा, इर्मा गुरुवारी घरी येतेय."

"माहितेय मला. सूप आणणार आहे मी."

"तिला सांगू या, कडी फ्रान्समधून आली. कोणीतरी टपालानं पाठवली. उन्हाळ्यातच गेली म्हणून सांगू. वाटेतच."

"सांगू या?" मी म्हटलं. "मी इर्माशी खोटं बोलणार नाही. तू बोलणार असशील तर मध्ये तोंड घालणार नाही. याच्यापलीकडे माझ्याकडून काही होणार नाही."

"तेवढं पुरे," तो म्हणाला. रडत होता. मी तोपर्यंत ओडीलला खोकताना पाहिलं होतं, ओरडताना पाहिलं होतं, रडताना नव्हतं.

गुरुवारी इर्मा आली. दोन काठ्या, अंगावरचं मांस निम्मं झालेलं. स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीत खिडकीशी बसवलं. ओडीलनं घर घासूनपुसून ठेवलं होतं, चुलीत कोळसा भरला होता. मी सूप गरम करत होते. तिनं विचारण्याच्या आधीच ओडीलनं कडी टेबलावर ठेवली आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. फ्रान्स, टपाल, कोणी भला माणूस, जुलै महिना.

इर्मानं कडी हातात घेतली नाही. ती खिडकीकडे बघत होती. मीही बघितलं, आणि माझ्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. काचेच्या खालच्या कोपऱ्यातली लांबी उकरलेली होती. ओडीलनं सप्टेंबरात भरलेली नवी लांबी, खालचं लाकूड दिसेपर्यंत टोचलेली.

"कधी आली होती?" इर्मानं विचारलं.

ओडील उभाच होता. टोपी हातात. "नाताळच्या आधी."

"इथं बसली?"

"इथं."

"मग?"

"मला वाटलं, भटकं आहे. काळी झाली होती गं, ओळखू येत नव्हती. दाराशी गेली नाही, इथं आली. मी बाहेर आलो तर उडाली नाही, चालत माझ्याजवळ आली. म्हणून मला वाटलं आजारी आहे. मी झाकण वाजवलं." मग म्हणाला, "दोनदा."

त्याला खोटं बोलायची पळवाट होती, पण घेतली नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मी वाट बघत होते की आता इर्मा किंचाळेल, काठी फेकून मारेल. मारायला हवी होती. मी असते तर मारली असती.

"झडप?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी बंद केली. तू गेलीस त्या दिवशी."

"बाकीची वाचली ना?"

"वाचली. सगळी."

"मग झालं," इर्मा म्हणाली, आणि मला म्हणाली, "सूप वाढ गं, आलिडा."

त्या 'मग झालं'वर ओडीलनं सुटकेचा श्वास टाकला. पुरुषांना कळत नाही ते नाहीच कळत. तिथंच, त्याच खुर्चीशेजारी गुडघे टेकून, टोपी बाजूला ठेवून चार शब्द बोलायला हवे होते. तो म्हणाला, "मी वर जाऊन पाणी बघून येतो," आणि जिना चढून गेला.

इर्माचा खुबा बरा झाला. उन्हाळ्यात ती काठी टेकत माझ्या कॅफेपर्यंत यायची, बाजारात जायची, चर्चच्या पायऱ्या चढायची. ढाबळीच्या जिन्याला मात्र तिनं पुन्हा पाय लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, खुबा. ओडीलही म्हणायचा, खुबा. हिवाळे आले, गेले. वर तो एकटाच खरवडायचा, नर-माद्या वेगळ्या करायचा, जव मोजायचा. शिकला हळूहळू, चांगलं शिकला. झडप उघडी ठेवायचा आता बाराही महिने, फक्त आत जाळीचा एक पिंजरा केला होता, भटकं आलं तर वेगळं ठेवायला. एवढी साधी युक्ती. आधी कोणालाच सुचली नव्हती, ना त्याला, ना नेस्टरला. बक्षिसंही मिळाली त्याला. पण "शर्यत हिवाळ्यात जिंकतात" हे वाक्य काही त्याच्या तोंडून परत ऐकलं नाही.

खाली इर्मा खिडकीशी. त्या कोपऱ्यातली लांबी तिनं भरू दिली नाही. वारा यायचा तिथून, ती शाल पांघरायची. भांडण असं काही नाही. जेवण वाढायची, शर्टाची बटणं लावायची, त्याच्या छातीला मलम चोळायची. पण पाखरांचा विषय निघाला की तोंड मिटायची. ओडील जेवताना सांगायचा, निळ्या मादीनं आज असं केलं, तसं केलं. ती म्हणायची, "हो का," आणि भांडी उचलायची.

मागच्या मार्चमध्ये गेली ती. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी असायची.

परवा बर्फ पडत होतं. सूप घेऊन ओडीलकडे गेले. तो इर्माच्या खुर्चीत बसला होता, शाल गुडघ्यांवर. कठड्यावर मूठभर जव टाकलेले, त्यावर बर्फ. एकदम म्हणाला, "आलिडा, तुझ्याशी ती सगळं बोलायची. माफ केलं होतं ना तिनं मला? एवढं तरी सांग."

मी जन्मभर तोंडावर बोलणारी बाई. माझ्या कॅफेत मी लोकांना दाराबाहेर काढलंय, पाद्रीबुवांनासुद्धा सुनावलंय. पण त्या वेळी मला वाटलं, खोटं बोलावं. हो म्हणावं आणि सूप वाढावं. मग आठवलं, खोटं बोलणार नाही असं मीच म्हटलं होतं, याच माणसाला.

"शेवटच्या आठवड्यात म्हणाली होती ती," मी सांगितलं, "'मी केव्हाच माफ केलं असतं गं. पण त्यानं कधी मागितलीच नाही माफी. मी रोज वाट बघत होते, आज जिना उतरून येईल आणि बोलेल.'"

ओडीलनं काचेच्या त्या उकरलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथून वारा येत होता.

"मला वाटायचं, तिला माझं तोंड बघायचं नाही," तो म्हणाला. "म्हणून मी वर बसायचो. एवढे हिवाळे मी वर खरवडत बसलो, आलिडा, आणि ती इथं खाली होती."